टीव्हीच्या चित्रातले चौकोन

टीव्हीचं चित्र बिघडलं की आपण अजूनही गच्चीकडे बघतो. ही सवय दूरदर्शनने लावली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्यालाही चित्र मिळू लागलं, आणि हळूहळू कौलांवर, गच्च्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उभे राहिले. एक जण वर अँटेना फिरवणार, दुसरा जिन्यात निरोप्या, तिसरा टीव्हीसमोर. "आलं का?" "अजून थोडं!" माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी यातलं एक तरी काम केलेलं आहे.

त्या मेहनतीला फळही होतं. प्रक्षेपण अ‍ॅनालॉग होतं. जेवढा सिग्नल चांगला, तेवढं चित्र स्वच्छ. सिग्नल कमी पडला तर पडद्यावर मुंग्या येत. एखाद्या डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून उशिरा पोचला तर निवेदिकेच्या शेजारी तिचं भूत उभं राही. पण मुंग्यांमधूनही मॅच बघता यायची.

डिजिटल चित्राचा स्वभाव वेगळा आहे. सिग्नल एका मर्यादेच्या वर असला की चित्र पूर्ण येतं, खाली गेला की थिजतं आणि मग जातंच. मर्यादेच्या वर असताना डिश आणखी नेमकी बसवली तरी चित्र तसूभरही सुधारत नाही. पावसात टिकायला थोडी जास्त गुंजाईश मिळते, एवढंच. तरीही सिग्नल भरपूर असताना कधीकधी चित्र फाटल्यासारखं, चौकोनी तुकड्यांचं दिसतं. चौकार गेल्यावर प्रेक्षकांची गर्दी दाखवतात तेव्हा बघा, किंवा नदीचं वाहतं पाणी. हे चौकोन गच्चीवर तयार होत नाहीत. त्यांचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

हाय डेफिनिशनचं स्वप्न आधी जपानने पाहिलं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथल्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने ११२५ रेषांच्या चित्रावर काम सुरू केलं. चित्र अप्रतिम होतं, पण त्याला हवेत जागा फार लागे. म्हणून त्यांनी ते 'म्यूझ' नावाच्या पद्धतीने आवळून उपग्रहावरून पाठवलं. तेही मुळात अ‍ॅनालॉगच. अमेरिकेत जमिनीवरच्या टॉवरला एका वाहिनीसाठी ६ मेगाहर्ट्झची पट्टी मिळते. तेवढ्यात असं चित्र बसणार कसं? १९९० मध्ये जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीने सांगितलं की सगळंच डिजिटल करा, बसेल. हिशेब बघा. स्टुडिओतलं १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र सेकंदाला सुमारे दीड अब्ज बिट मागतं. अमेरिकेत १९९६ मध्ये मान्य झालेल्या पद्धतीत एका वाहिनीला मिळतात १९.३९ दशलक्ष. म्हणजे साधारण ७५ भागांतले ७४ टाकून द्यायचे, आणि बघणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही!

ही करामत ज्या गणितावर उभी आहे ते बंगळूरच्या एका माणसाचं आहे. नासिर अहमद यांचा जन्म १९४० चा. बंगळूरला इंजिनिअरिंग करून ते अमेरिकेत गेले आणि कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवू लागले. १९७२ मध्ये त्यांनी 'कोसाइन ट्रान्सफॉर्म'वर संशोधन करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. ते नाकारलं गेलं. कल्पना फारच सोपी वाटते, असा परीक्षकांचा सूर होता. अहमद यांनी १९७३ च्या उन्हाळ्यात पगाराविना ते काम केलं. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह लिहिलेला निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापून आला. जेमतेम चार पानांचा. पुढे जेपीईजी फोटो, एमपीईजी-२ चं टीव्ही प्रक्षेपण, डीव्हीडी, सगळं त्यावर चाललं. शास्त्रज्ञ म्हटलं की आमच्या घरांत कलामसाहेबांच्या पुढे दुसरं नाव येत नाही. कलामसाहेबांचा मान आहेच. पण रोज संध्याकाळी ज्याचं काम आपल्या दिवाणखान्यात चालतं त्याचंही नाव मुलांना माहीत असावं, असं शिक्षक म्हणून मला वाटतं.

ते गणित करतं काय? एमपीईजी-२ मध्ये चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनातले ६४ ठिपके अशा आकड्यांत मांडतात की ढोबळ उजेड-अंधार पहिल्या काही आकड्यांत येतो आणि बारीक नक्षी उरलेल्यांत जाते. डोळ्याला बारीक नक्षीतला फरक कमी कळतो, म्हणून ते आकडे सरळ गाळतात. उर्दू वाचणाऱ्याला हे लगेच पटेल. आपण लिहिताना जेर, जबर, पेश बहुधा लिहीत नाही. वाचणारा ते मनाने भरतो आणि काही अडत नाही. पण नुक्ताच गाळला तर? त्याची जागा जराशी हलली तरी 'खुदा'चा 'जुदा' होतो. टीव्हीतही बिट फार कमी दिले की नुक्त्यांवर गदा येते. शेजारच्या चौकोनांच्या कडा जुळत नाहीत आणि आपल्याला फरश्या दिसतात.

बिट किती द्यायचे हे प्रसारक ठरवतो. उपग्रहाच्या एका ट्रान्सपाँडरची क्षमता ठरलेली. त्यात जितक्या वाहिन्या कोंबाल तितका प्रत्येकीचा वाटा कमी. अमेरिकेत काही उपग्रह सेवांनी आडव्या १९२० ठिपक्यांचे १२८० करून पाठवले, तेव्हा ग्राहकांनी त्याला 'एचडी लाइट' असं नाव ठेवलं. त्याच वाहिन्या साध्या अँटेनावर, फुकटात, जास्त चांगल्या दिसत. नंतर टॉवरवाल्यांनीही त्याच पट्टीत उपवाहिन्या घुसवल्या, ती गोष्ट निराळी.

आपल्याकडे ही तुलना करायची वेळच आली नाही. एचडी आलं ते २०१० मध्ये, राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमारास, आणि घरोघरी पोचलं ते डिशवरून. दूरदर्शनने २०१६ मध्ये मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद धरून १६ शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, पण मला ते बघणारं घर भेटलेलं नाही. २०२२ पर्यंत जुने अ‍ॅनालॉग टॉवर, मोजके सोडून, बंद झाले. मला हे चुकीचं वाटतं. डिशचा केयू बँड पावसात मार खातो. टॉवरच्या लहरींना पावसाचं सोयरसुतक नसतं. आणि ज्या देशात मोबदला 'किती वाहिन्या' यावर ठरतो, तिथे 'कशी वाहिनी' हे विचारणारा ग्राहक एकटा पडतो.

घरी करण्यासारखं थोडं आहे. सेटटॉप बॉक्सला एचडीएमआय केबल लावा. एचडीचे पैसे भरून पिवळी-लाल-पांढरी वायर जोडलेली घरं मी बरीच पाहिली आहेत. बॉक्सच्या सेटिंगमध्ये १०८० निवडलंय ना, बघा. सिग्नल तपासताना 'स्ट्रेंग्थ'पेक्षा 'क्वालिटी'चा आकडा महत्त्वाचा. पावसाळ्याआधी गच्चीवरच्या जोडणीत पाणी शिरत नाही ना, ते पाहा. आणि टीव्हीतला 'शार्पनेस' कमी करा. तो वाढवला की तपशील वाढत नाही, चौकोनांच्या कडा तेवढ्या उठून दिसतात.