हत्यार, परवाना आणि साठ पानांचा कागद : मुळशीच्या वाटेवरून एक टिपण

चांदणी चौक ओलांडून भूगाव, भुकूम, पिरंगुट करीत मुळशीकडे निघालेल्या माणसाच्या मनात धरण असते, पाऊस असतो, फार तर भाजलेले कणीस असते. आमच्यासारख्यांच्या मनात त्या वाटेवर सेनापती बापटांचे नाव येते. मुळशी सत्याग्रहाचा इतिहास विनायकराव भुस्कुट्यांनी आतून लिहिला आणि पुढे राजेंद्र व्होरांनी अभ्यासकाच्या शिस्तीने मांडला. तो येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. आम्हांला त्याच वाटेवर एक वेगळाच, वरवर रुक्ष वाटणारा प्रश्न पडला आहे. हत्यार बनवावयास सरकारचा परवाना लागतो, हे सर्वांस ठाऊक आहे. पण तो नेमका कशाला लागतो? वस्तूला, की ती वस्तू घडविण्याच्या विद्येला?

प्रश्न कायद्याचा दिसतो खरा, पण मराठीत तो प्रथम जोरकसपणे उभा राहिला तो एका अग्रलेखात. तेथे जाण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे.

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली हत्यारांचा कायदा झाला. हत्यार बाळगण्यास परवाना, एवढाच त्याचा अर्थ लोकांच्या स्मरणात राहिला, आणि त्यातून युरोपियनांना मिळालेली सूट ही अपमानाची खूण म्हणून राहिली. परंतु त्या कायद्याचा दुसरा, कमी चर्चिला गेलेला भाग धंद्याविषयी होता : हत्यारे बनविणे, त्यांत फेरफार करणे, विकणे, देशात आणणे वा देशाबाहेर नेणे, या प्रत्येक क्रियेस परवाना आवश्यक ठरला. सहा वर्षांनी, १८८४ मध्ये, स्फोटक द्रव्यांसाठी स्वतंत्र कायदा आला. सरकारचे स्वतःचे कारखाने अर्थातच सुखेनैव चालू होते; खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. पुण्याच्या एका कडेला सरकार काडतुसे बनवीत होते आणि त्याच पुण्यात लष्करी हिशेबखात्यातला एक कारकून, वासुदेव बळवंत फडके, १८७९ साली मिळतील ती हत्यारे गोळा करून बंडाला उभा राहिला. दोन्ही गोष्टी एकाच गावच्या, एकाच दशकातल्या.

या सर्व कायद्यांमागे एक गृहीत होते. हत्यार म्हणजे वजन असलेली, जागा व्यापणारी, पेटीत घालून न्यावी लागणारी वस्तू. तेव्हा पेटी तपासली, गोदीवर पहारा ठेवला, लोहाराच्या भट्टीवर नजर ठेवली, की काम झाले. हे गृहीत ज्यांनी मोडून दाखविले त्यांत बापट होते.

पांडुरंग महादेव बापट, पारनेरचे, डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी, शिष्यवृत्तीवर एडिंबरोस गेलेले. तेथे हिंदुस्थानातील ब्रिटिश राज्यावर केलेल्या भाषणामुळे शिष्यवृत्ती गेली. पुढे पॅरिसमध्ये हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास यांच्यासह त्यांनी रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या मिळविली. ती आली कागदाच्या रूपाने : मूळ रशियन पुस्तिका, तिचे इंग्रजी भाषांतर आणि मग त्या भाषांतराच्या प्रती. १९०८ साली बापट परतले. कलकत्त्यास माणिकतल्ल्याच्या बागेत त्या वर्षी जी पुस्तिका सापडली, तिच्याशी जुळणारी, दाट टंकलिखित साठ पानांची प्रत १९०९ मध्ये नाशकात बाबाराव सावरकरांच्या घरझडतीत सापडली. त्याच वर्षी लंडनहून हिंदुस्थानात आलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले मात्र पेटीच्या खोट्या तळात दडवून आणावी लागली होती. हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे. पिस्तूल एकाकडून दुसऱ्याकडे गेले की पहिल्याचा हात रिकामा होतो. कागदाची नक्कल केली की दोघांकडेही राहतो. (आपल्याकडील भाषांतराच्या इतिहासात या पुस्तिकेस कोणी स्थान दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. भाषांतरित मजकुराने एवढी धास्ती निर्माण केल्याची उदाहरणे तरी किती असतील?)

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला बाँब पडला. ८ जूनला सरकारने एकाच दिवशी दोन कायदे संमत केले : एक स्फोटक पदार्थांचा, दुसरा वृत्तपत्रांचा. दारू आणि शाई यांची ही जोडी योगायोगाची नव्हती. दुसऱ्याच दिवशीच्या 'केसरी'त 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा अग्रलेख आला. राजद्रोहाच्या खटल्यात तो आधारभूत धरला गेला, म्हणून आपण त्याचे नाव जाणतो. पण त्यातील युक्तिवादाकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. बंदूक आणि तोफ यांना कारखाना लागतो, म्हणून त्यांच्यावर सरकारला ताबा ठेवता येतो. बाँबला साहित्य थोडे आणि ज्ञान अधिक लागते, आणि ज्ञानाला हत्यारांच्या कायद्याने अडविता येत नाही, असा त्याचा गाभा होता. टिळकांनी बाँबचे समर्थन केले की नाही, यावर वकिलांनी वाद घातला आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली. आम्हांला तो लेख परवानापद्धतीवरील मराठीतील पहिली गंभीर टीका म्हणून वाचावासा वाटतो. तो तसा शिकविला जात नाही, याचे आम्हांला नवल वाटते.

मुळशीत बापट या विद्येसह उतरले नाहीत. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सुरू झालेला हा लढा टाटांच्या वीजनिर्मितीच्या धरणाखाली जाणाऱ्या मावळातील जमिनींसाठी होता, आणि त्याचे नाव सत्याग्रहच होते. शेवटच्या पर्वात मात्र बापटांनी शस्त्र हाती घेऊन आगगाडी अडविली. सात वर्षांची सजा भोगून ते १९३१ मध्ये सुटले.

त्याच १९३१ साली कराचीच्या काँग्रेस अधिवेशनाने मूलभूत हक्कांचा ठराव केला आणि नियमांच्या अधीन राहून हत्यार बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास असावा, असे त्यात म्हटले. स्वातंत्र्य आल्यावर हा हक्क राज्यघटनेत काही उतरला नाही. १९५९ चा हत्यारांचा कायदा १८७८ च्या जागी आला. वंशभेद अर्थातच राहिला नाही, परवाना राहिला. हत्यारांच्या उत्पादनाबाबत तर स्वतंत्र भारताचे सरकार ब्रिटिशांइतकेच, किंबहुना अधिक, निःशंक होते. एप्रिल १९४८ च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रास्त्रे व दारूगोळा ही सरकारची मक्तेदारी ठरविली आणि १९५६ च्या धोरणाने ती कायम केली. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यात 'नोंदणी' आणि 'परवाना' हे दोन शब्द वेगळे आहेत : कायदा येण्यापूर्वी उभ्या असलेल्या कारखान्याने नोंदणी करावयाची, नव्याने उभ्या राहणाऱ्याने परवाना घ्यावयाचा. नोंदणी ही अस्तित्वाची कबुली; परवाना ही अस्तित्वाची अनुमती. खासगी शस्त्रकारखान्यापुढे १९५६ नंतर हा प्रश्न बहुधा येतच नव्हता.

तो २००१ च्या मे महिन्यात आला. संरक्षणसाहित्याचे उत्पादन खासगी कंपन्यांना खुले झाले, परकीय भांडवलास २६ टक्क्यांची मर्यादा ठेवून, आणि औद्योगिक परवान्याच्या अटीवर. २०१४ च्या जूनमध्ये परवाना लागणाऱ्या वस्तूंची यादी आखडली; ओतकाम, घडाईचे भाग, चाचणीची उपकरणे यांना त्यातून मोकळीक मिळाली. म्हणजे पिरंगुट किंवा उरवड्याच्या एखाद्या कारखान्याने तोफेचा लागणारा एखादा साधा घडीव भाग केला, तर तेवढ्यासाठी त्याला औद्योगिक परवाना लागू नये; संपूर्ण तोफ केली तर लागावा. खडकीच्या कारखान्याचेही रूप पालटले : १ ऑक्टोबर २०२१ पासून तो सरकारी खाते न राहता म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचा भाग झाला.

निर्यातीची गोष्ट अधिक रंजक आहे, आणि आमचा मूळ प्रश्न तेथेच परत येतो. १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याखाली 'स्कोमेट' नावाची यादी आहे. तिच्यातील सहावा वर्ग एप्रिल २०१७ पासून युद्धसामग्रीचा आहे आणि त्यातील वस्तू देशाबाहेर पाठविण्याची अनुमती संरक्षण उत्पादन विभागाकडून घ्यावी लागते. माल अखेर कोणाच्या हाती जाणार, याचे प्रमाणपत्र त्यासाठी मागितले जाते. पण यादीत केवळ माल नाही, तंत्रज्ञान आणि संगणकप्रणालीही आहे. नकाशा, आराखडा, कृतीची टिपणे हीदेखील 'निर्यात' होऊ शकतात. पिरंगुटच्या अभियंत्याने यादीतल्या वस्तूचा आराखडा ईमेलने परदेशी धाडला, तर गोदीवरील पहारेकऱ्याला काही दिसणार नाही; कायद्याला मात्र तो माल सरहद्द ओलांडून गेलेला दिसतो.

अमेरिकेत हे आणखी पुढे गेलेले आहे. १९७६ च्या कायद्याखालील नियमांनुसार तेथे संरक्षणसामग्री बनविणाऱ्याने, एक नगही निर्यात करावयाचा नसला तरी, सरकारदरबारी नोंद करावी लागते. आणि 'तांत्रिक माहिती' तेथेही सामग्रीतच मोडते. १९९४ साली फिलिप कार्न या संगणकतज्ज्ञाने ब्रूस श्नायर यांचे गुप्तलेखनावरील पुस्तक परदेशी पाठविता येईल का, असे सरकारला विचारले. उत्तर आले, येईल. मग त्यातलीच प्रणाली फ्लॉपीवर उतरवून विचारले. उत्तर आले, नाही, तिला परवाना हवा. पुढच्या वर्षी फिल झिमरमन यांची पीजीपी ही प्रणाली एमआयटीच्या मुद्रणालयाने चक्क पुस्तकरूपाने छापली. छापील पानाला जे स्वातंत्र्य आहे ते चकतीला नाही, हे ओळखूनच ती छापली होती.

साहित्याच्या विद्यार्थ्याला 'संहिता' आणि 'माध्यम' यांचा वाद वर्गात बराच कोरडा वाटतो. तोच वाद येथे तुरुंग आणि मोकळीक यांच्या सीमेवर उभा आहे. १९०८ मध्ये 'केसरी'ने सरकारला सांगितले होते की ज्ञानाला तुमचा परवाना लागू होत नाही. सरकारांनी ते ऐकले, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र त्यांनी परवाना सोडला नाही, ज्ञान यादीत घेतले.

पुण्यात बापटांच्या नावाचा रस्ता विद्यापीठाजवळ गणेशखिंड रस्त्याला मिळतो आणि जवळच्याच चौकातून पाषाणची वाट फुटते. त्या वाटेवर शस्त्रास्त्र संशोधनाची संस्था आहे, सुतारवाडीला उच्चऊर्जा पदार्थांची, म्हणजे सोप्या भाषेत स्फोटकांची, प्रयोगशाळा आहे. आत जावयास पास लागतो. कागद बाहेर न्यावयास काय लागते, ते फाटकावर लिहिलेले नसते.