वकिलाच्या कानापुरते

पत्रवाङ्मय वाचताना आपण बहुधा लिहिणाऱ्याचा शोध घेतो. त्याचे मन, त्याचा काळ, त्याची शैली हे आपले विषय असतात. न्यायालयासमोर पत्र आले की पहिला प्रश्न निराळाच विचारला जातो: हे पत्र कुणी वाचावे म्हणून लिहिले होते? अशिलाने वकिलाकडे सल्ला मागण्यासाठी लिहिलेले पत्र विरुद्ध पक्षाला मागता येत नाही, आणि वकिलालाही ते अशिलाच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. इंग्रजी कायद्याने ‘प्रिव्हिलेज’ म्हणून जपलेले हे संरक्षण मजकुराच्या सत्यासत्यतेवर अवलंबून नाही. पत्र कुणाला आणि कशासाठी लिहिले, यावर ते अवलंबून आहे. दोन माणसांच्या खाजगी बोलण्यासाठी घडलेली ही कल्पना शेकडो माणसांच्या कंपनीला लागू करताना काय झाले, हा या लेखाचा विषय.

लॉर्ड ब्रूम यांनी १८३३ च्या ‘ग्रीनो विरुद्ध गॅस्केल’ खटल्यात या नियमाचे कारण सांगितले. हे संरक्षण नसेल तर माणूस वकिलाकडे जाणारच नाही, किंवा गेला तरी आपली हकीकत अर्धीच सांगेल. हिंदुस्थानात हाच नियम १८७२ च्या पुरावा कायद्यातून आला. तो कायदा रचणारा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हा लेस्ली स्टीफनचा थोरला भाऊ, म्हणजे व्हर्जिनिया वुल्फचा सख्खा काका. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्या कायद्याच्या १२६ व्या कलमाखालची उदाहरणे अवश्य वाचावीत. त्या लघुतम कथाच आहेत. एक अशील म्हणतो, मी खोटा दस्त केला आहे, माझा बचाव करा. हे बोलणे सुरक्षित राहते. दुसरा म्हणतो, खोट्या दस्ताच्या आधारे मला मालमत्ता मिळवायची आहे, दावा लावा. त्याला संरक्षण नाही. तिसऱ्या उदाहरणात अफरातफरीचा आरोप असलेल्या अशिलाच्या हिशेबवहीत, वकीलपत्र घेतले तेव्हा नसलेली एक नोंद वकिलाला दिसते. तीही झाकता येत नाही. तिन्ही ठिकाणी पात्रे दोनच. स्टीफनच्या डोळ्यांसमोर बंद खोलीतला माणूस होता, कार्यालयातला पत्रव्यवहार नव्हता.

कंपनीला तोंड नसते. तिच्या वतीने कुणी बोलले म्हणजे ‘अशील’ बोलला असे समजायचे? या प्रश्नाचे गाजलेले उत्तर अमेरिकेतल्या अपजॉन या औषध कंपनीच्या एका पत्रातून निघाले. जानेवारी १९७६ मध्ये तिच्या परदेशी उपकंपनीचे हिशेब तपासताना लेखापरीक्षकांना दिसले की धंदा मिळवण्यासाठी परकी सरकारी अधिकाऱ्यांना पैसे पोचवले गेले आहेत. कंपनीचा मुख्य वकील जेरार्ड थॉमस याने बाहेरच्या वकिलांच्या सल्ल्याने एक प्रश्नावली तयार केली आणि ती अध्यक्षांच्या सहीनिशी परदेशातल्या सर्व व्यवस्थापकांकडे गेली. अध्यक्षांनी चौकशी थॉमसवर सोपवली आहे, उत्तरे थेट त्यालाच पाठवावीत, आणि माहितीसाठी आवश्यक असलेल्या सहकाऱ्यांपलीकडे कुणाजवळ याची वाच्यता करू नये, असे त्यात होते. पुढे प्राप्तिकर खात्याने ही उत्तरे आणि मुलाखतींची टिपणे मागितली. खालच्या न्यायालयाचे म्हणणे असे की कंपनीचा ‘अशील’ म्हणजे सूत्रे हातात असलेले मोजके वरिष्ठ. बाकीच्यांचे लिखाण उघड करता येईल.

सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी १९८१ रोजी हे अमान्य केले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांचा मुद्दा साधा होता: कंपनीला अडचणीत आणण्याचे सामर्थ्य मधल्या आणि खालच्या माणसांकडेही असते, आणि वकिलाला हवी असलेली माहिती पुष्कळदा त्यांच्याचजवळ असते. परंतु संरक्षण मिळाले ते बोलण्याला, घडलेल्या गोष्टीला नव्हे. पैसे दिले का, हा प्रश्न सरकार त्याच व्यवस्थापकाला खुशाल विचारू शकत होते, आणि पंचवीस जणांना त्याने तो विचारलाही होता. ‘तू वकिलाला काय लिहिलेस?’ एवढेच विचारता येत नव्हते.

या निकालातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट त्या व्यवस्थापकाची आहे. मोकळेपणाने लिहिणारा तो, पण गुपिताचा धनी कंपनी. उद्या कंपनीला सरकारशी तडजोड करावीशी वाटली तर तिने त्याचेच शब्द सरकारच्या हवाली करावेत. त्याची संमती लागत नाही. म्हणूनच अमेरिकेत कंपनीचे वकील मुलाखतीआधी कर्मचाऱ्याला बजावतात की आम्ही तुमचे नव्हे, कंपनीचे वकील आहोत. ब्रूमच्या भित्र्या अशिलाची काळजी घेणारा नियम इथे त्या भित्र्या माणसापासून दूर गेला आहे.

मग कंपन्यांनी संरक्षणाचा शिक्काच करून टाकला. तंबाखू उद्योगाने वैज्ञानिक संशोधन वकिलांमार्फत फिरवले, म्हणजे ते ‘सल्ला’ ठरावे. मिनेसोटातल्या खटल्यात १९९८ मध्ये असे सुमारे ३९ हजार दस्तऐवज या आडोशातून बाहेर काढले गेले. तिथे स्टीफनच्या दुसऱ्या उदाहरणातलेच तत्त्व कामी आले: गैरकृत्याला मदत करणारा संवाद झाकता येत नाही. न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनीही २००६ च्या आपल्या प्रदीर्घ निकालात या गैरवापराची नोंद केली. ईमेलने तर हे फारच सोपे करून टाकले. २०२२ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने न्यायालयाला सांगितले की नाजूक विषयांवरच्या ईमेलमध्ये एखाद्या वकिलाचे नाव घालावे, ‘प्रिव्हिलेज्ड’ असे लिहावे आणि सल्ला मागावा, असे गूगलने कर्मचाऱ्यांना शिकवले होते. न्यायाधीश मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये त्यासाठी दंड केला नाही, पण लेखी माग राहू नये म्हणून कंपनीने घेतलेल्या खबरदारीवर ताशेरे ओढले. दहा जणांना धाडलेल्या व्यापारी पत्राच्या कोपऱ्यात वकिलाचे नाव घातल्याने ते सल्ल्याचे पत्र होत नाही. अपजॉनच्या पत्रात प्रयोजन मजकुरात होते. इथे ते माथ्यावर चिकटवलेले आहे.

वकीलच कंपनीचा नोकर असेल तर? लॉर्ड डेनिंग यांनी १९७२ मध्ये पगारी वकिलालाही इतरांसारखेच मानले. मुंबई महापालिका आणि विजय मेटल वर्क्स यांच्यातील, १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाचे मतही तेच होते. युरोपने उलट वाट धरली. १९८२ च्या ‘एएम अँड एस’ निकालात, आणि पुन्हा १४ सप्टेंबर २०१० रोजी आक्झो नोबेलच्या प्रकरणात, पगारी वकील मालकापासून स्वतंत्र नसतो असे ठरले. आक्झोमध्ये वाद अवघ्या दोन ईमेलपुरताही होता, आणि तो वकील नेदरलँड्सच्या वकीलसंघाचा सदस्य असूनही त्याचा उपयोग झाला नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी याच बाजूला कौल दिला. आता पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आहे आणि जुने १२६ वे कलम त्यात १३२ वे झाले आहे. आपल्याकडे पूर्णवेळ पगारी नोकरी धरणाऱ्याला वकिली थांबवावी लागते. न्यायालयात वकिली न करणाऱ्याला या कलमाचे संरक्षण नाही, असे न्यायालयाने म्हटले. १३४ व्या कलमाचा आधार मात्र शिल्लक आहे. कंपनीच्या विधी अधिकाऱ्याने बाहेरच्या वकिलाला लिहिलेले पत्र झाकलेले राहील. त्याच विषयावर, त्याच शब्दांत, कंपनीच्या संचालकाने त्या विधी अधिकाऱ्याला लिहिलेली चिठ्ठी राहणार नाही, मग त्या दोघांच्या खोल्या एकाच मजल्यावर समोरासमोर का असेनात.