बालाघाटावरील डिझेल जीप

बीड जिल्ह्याचे निसर्गतःच दोन भाग पडतात: गोदावरीच्या काठची, काळ्याभोर आणि खोल जमिनीची गंगथडी हा एक, आणि तिच्या दक्षिणेस बालाघाटच्या रांगांनी उचलून धरलेला, मुरमाड व उथळ मातीचा पठारी मुलूख हा दुसरा. केज तालुक्यातील नांदूरघाट हे गाव या दुसऱ्या भागातले. पाटोदा तालुक्यात मांजरा नदी ज्या डोंगरांत उगम पावते, त्यांच्याच आश्रयाने वसलेल्या या प्रदेशात पाऊस बेताचा. पण तो पडला की ओढे एकाएकी फुगतात, गाडीवाटा धुऊन निघतात आणि शेतापासून गावापर्यंतचे अर्ध्या कोसाचे अंतरही दुर्गम होऊन बसते. अशा मुलखात वाहतुकीचा इतिहास हा लोकांच्या निर्वाहाचाच इतिहास असतो, आणि त्याचे एक प्रकरण चारही चाकांना जोर असलेल्या जुन्या डिझेल जीपगाड्यांचे व पिकअपचे आहे. कारखान्यातून निघाली त्याच स्वरूपात ही गाडी येथे क्वचितच राबली; ती दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतली गेली, उघडली गेली, बदलली गेली आणि मग कामाला जुंपली गेली. कोरडवाहू डोंगरी शेतीला लागणारी गाडी कोणत्याही कारखान्याने मुद्दाम बनवली नाही. ते अपुरे राहिलेले काम मराठवाड्यातल्या फिटर-लोहारांनी पुरे केले, असे माझे ठाम मत आहे.

१९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. त्याआधीच्या काळी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ दूरदूर नेत. पक्के रस्ते व लोहमार्ग आल्यावर तो व्यवसाय बुडाला आणि अनेक तांडे बालाघाटच्या कडेकपारीत स्थिरावले. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, १९११मध्ये ती लातूरपर्यंत पोचली. आणि पठारावरची ज्वारी, तूर, करडई, कापूस असा माल बैलगाडीने घाट उतरून या स्थानकांच्या बाजारांकडे जाऊ लागला. बार्शी इंग्रजी अमलात, तर बालाघाट निजामाच्या. त्यामुळे हद्दीवर करोडगिरीचे नाके असत आणि मालावर जकात द्यावी लागे. पक्के रस्ते करण्याचे काम तामिरात खात्याकडे होते. परंतु त्या खात्याची दृष्टी मुख्य ठाणी एकमेकांस जोडण्यापलीकडे फारशी गेली नाही. १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेने २७ गाड्यांनिशी प्रवासी बसची वाहतूक सुरू केली; तथापि बस म्हणजे केलेल्या रस्त्याची दासी, आणि रस्ता नसलेल्या गावाला तिचा उपयोग शून्य.

रस्त्यावर अवलंबून न राहणारे वाहन महायुद्धाने निर्माण केले. अमेरिकी सैन्याच्या मागणीवरून १९४०-४१ साली आकारास आलेली जीप युद्ध संपेतोवर सहा लाखांहून अधिक संख्येने तयार झाली, आणि शांतता प्रस्थापित होताच उरलेल्या गाड्या जगभर मोडीच्या भावाने विकल्या गेल्या. फिलिपाइन्समध्ये याच गाड्यांचे सांगाडे लांबवून मनिलाच्या रस्त्यांवरील प्रसिद्ध जीपनी तयार झाल्या. सप्टेंबर १९४८मध्ये सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने हैदराबादकडे निघालेल्या भारतीय फौजेबरोबर जीपगाड्या होत्या. हुकूमत बदलल्याची वर्दी आणि हे नवे वाहन मराठवाड्याने अशा रीतीने एकाच सुमारास पाहिले. पुढच्याच वर्षी, १९४९मध्ये, महिंद्र कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलिस जीपचे सुटे भाग जोडण्यास प्रारंभ केला, आणि कालांतराने ही गाडी देशातच बनू लागली.

खेडेगावात जीप प्रथम आली ती सरकार म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, १ मे १९६२पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कारभार पाहू लागल्या, आणि गट विकास अधिकाऱ्याची जीप हे राज्यसंस्थेचे दृश्य रूप होऊन बसले. १९७२च्या दुष्काळात तहसीलदार, अभियंते, आरोग्य खात्याचे कर्मचारी याच गाड्यांतून कामांची पाहणी करीत फिरले. त्या दुष्काळात मराठवाड्यातील लाखो माणसे खडी फोडीत बसली होती. वि. स. पागे यांच्या विचारातून उदयास आलेली रोजगार हमी योजना त्या काळात राज्यभर आधार ठरली, आणि तिच्या मजुरांनी फोडलेल्या खडीचे व टाकलेल्या मुरमाचे जे कच्चे रस्ते गावोगाव झाले, त्यांवरूनच पुढे गावकऱ्यांच्या स्वतःच्या जीपगाड्या धावल्या. ज्यांच्या श्रमांनी रस्ता झाला त्यांच्या दाराशी गाडी यायला मात्र आणखी काही वर्षे लागली, आणि ती आली लिलावातून.

सरकारी दप्तरात गाडी जुनी झाली म्हणजे तिचे निर्लेखन होते, म्हणजे ती वहीतून खारीज केली जाते, आणि मग जाहीर लिलाव पुकारला जातो. पंचायत समितीच्या, पाटबंधारे खात्याच्या, त्याचप्रमाणे लष्कराच्या गाड्या या मार्गाने खासगी मालकीत आल्या. लष्करी गाडीच्या क्रमांकाच्या पट्टीवर वर टोक असलेला बाण असतो. ती घेणाऱ्याला त्या बाणाच्या जागी मुलकी क्रमांक मिळवण्यासाठी लिलावाची पावती, गाडी सोडल्याचा लष्करी आदेश आणि परिवहन कार्यालयाची नोंद असा सारा सरंजाम जमवावा लागे. तथापि खरी अडचण कागदाची नव्हती, इंधनाची होती. त्या जीपगाड्या बहुतांशी पेट्रोलच्या होत्या, आणि १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात राहिले नाही. डिझेलचा दर मात्र सरकारने दीर्घकाळ कमी ठेवला. १९ ऑक्टोबर २०१४ रोजी तो नियंत्रणमुक्त होईपर्यंत ही तफावत कमीअधिक प्रमाणात टिकून होती.

येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. डिझेलचे ज्ञान बालाघाटाला मोटारीने दिले नाही. ते विहिरीने दिले. किर्लोस्करांची आणि साताऱ्याच्या कूपर कारखान्याची ऑइल इंजिने महाराष्ट्रभर विहिरींवर बसली होती. नोझल धार सोडते की थेंब गाळते, पंपात हवा शिरली तर ती कशी काढावी, काळा धूर कशाचे लक्षण आणि पांढरा कशाचे, हे शेतकऱ्याला आणि त्याच्या इंजिनाची डागडुजी करणाऱ्या फिटरला मोटारीच्या कितीतरी आधी ठाऊक झाले होते. म्हणून १९७०च्या दशकात महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बी-२७५ या ट्रॅक्टरच्या इंजिनावरून सिद्ध केलेले डिझेल इंजिन जीपमध्ये बसवले, तेव्हा ते यंत्र या लोकांना परके वाटले नाही. १९७९मध्ये फ्रान्सच्या प्युजो कंपनीशी करार झाला आणि २११२ घनसेंटिमीटरचे प्युजो इंजिन आले. ते हलके व शांत, परंतु थंडीच्या पहाटे हीटरची कळ दाबून काही क्षण थांबल्याखेरीज चालू न होणारे. त्यानंतरच्या डीआय इंजिनात इंधन थेट पिस्टनच्या माथ्यावरील खळग्यात फवारले जात असल्याने तो खोळंबा संपला आणि डिझेलही कमी लागू लागले. ‘डीआय आहे का?’ हा जुनी गाडी घेणाऱ्याचा पहिला प्रश्न तेव्हापासून होऊन बसला.

पेट्रोलच्या जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवणे हे कसे काम आहे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. प्रथम जुने इंजिन साखळीच्या कप्पीने उचलून बाहेर काढतात. नव्या इंजिनाच्या पाठीला जुना गिअर बॉक्स बसत नाही, म्हणून लेथवर जाड पत्र्याची तबकडी कातून दोहोंच्या मध्ये घालतात. तिचा मध्य केसभर जरी ढळला तरी क्लच थरथरतो आणि काही महिन्यांत बेअरिंग खातो. डिझेल इंजिन वजनाने भारी असल्यामुळे पुढच्या पाट्यांत एखादा पाटा वाढवावा लागतो, आणि रेडिएटरही मोठा घालावा लागतो. खरी कसोटी यापुढे आहे. मूळ जीपच्या आसाच्या हाउसिंगमध्ये ४३ दातांचे क्राउन आणि ८ दातांचे पिनियन असते. पेट्रोल इंजिनाच्या वेगवान फेऱ्यांसाठी ते योग्य, परंतु डिझेल इंजिन संथ फिरत असल्याने त्याच दातांवर गाडी सपाट रस्त्याला रखडत चालते. म्हणून फिटर दातांचे प्रमाण बदलतो. आणि येथेच अर्धवट कारागीर फसतो, कारण चारही चाकांना जोर द्यावयाचा तर पुढच्या व मागच्या हाउसिंगमधील प्रमाण एकच असले पाहिजे. ते भिन्न असेल तर कोरड्या रस्त्यावर फोर व्हील टाकताच चाके एकमेकांशी झगडतात आणि क्रॉस नाहीतर गिअर तुटतो. जाणता फिटर गाडी ठोकळ्यांवर उचलून चाकावर खडूची खूण करतो, शाफ्ट हाताने फिरवून फेऱ्या मोजतो, आणि पुढचा व मागचा हिशेब जुळल्याखेरीज गाडी खाली उतरवीत नाही.

१९८० व ९०च्या दशकांत या वाहनाचे स्वरूप झपाट्याने पालटले. महिंद्रची कमांडर आणि पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स यांनी मराठवाड्यात वडापाचा, म्हणजे काळ्या-पिवळ्या जीपचा, व्यवसाय उभा केला; १९८८मध्ये टाटांची पिकअप बाजारात आली आणि मागे उघडा हौदा असलेली लहान मालगाडी ही कल्पना रूढ झाली. वडापातून उतरलेल्या गाडीची मागची बाके काढून तेथे पोलादी हौदा आणि मागे फाळका बसवावयाचा, किंवा दोनच चाकांना जोर असलेल्या गाडीला मोडीतील लष्करी गाडीचे पुढचे हाउसिंग जोडून चारचाकी जोर द्यावयाचा, हे दोन्ही बदल त्या काळाचे. याउलट, पक्का रस्ता असलेल्या गावचे मालक डिझेल वाचवण्यासाठी पुढचा शाफ्ट काढून घरात ठेवीत आणि पावसाळ्यात पुन्हा चढवीत. अशा गाडीच्या हौद्यात बालाघाटचे अवघे अर्थकारण सामावते: पहाटे दुधाचे कॅन, आश्विन-कार्तिकात डोंगरातली सीताफळे, बाजाराच्या दिवशी शेळ्या, चैत्र-वैशाखात पाण्याची टाकी आणि कडबा. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांचे बिऱ्हाड वाडी-तांड्यावरून मोठ्या रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकपर्यंत अशाच एखाद्या पिकअपने पोचते. हरियाणातील मंडी डबवाली हे जुन्या जीप नटवून विकण्यासाठी देशभर ख्यात असलेले गाव. तेथील गाडीत शोभेला जे स्थान आहे, ते येथील गाडीत भारवहनाला आहे.

या उद्योगाची काळी बाजूही निष्पक्षपणे सांगितली पाहिजे. वाढवलेली चासी नीट न जोडल्यामुळे मधोमध दुमडते, वाढीव भाराला जुने ब्रेक पुरत नाहीत, आणि हौद्यात माणसे कोंबल्यामुळे घाटात जे अपघात घडतात त्यांत गरिबांचेच प्राण जातात. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ अधिक कडकपणे लावला: निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल ग्राह्य नाही. एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरील गाड्यांच्या फेरनोंदणीचे शुल्कही बरेच वाढले. कायद्याचा हेतू रास्त आहे, आणि माणसांच्या जिवापुढे कारागिरीचा अभिमान दुय्यम आहे, याबद्दल दुमत असू नये. परंतु प्रमाणित भाग वापरून, तपासणीच्या कक्षेत राहून जुनी गाडी सुस्थितीत ठेवण्याची वाट तालुक्याच्या पातळीवर सुलभ झाली नाही, तर फेरफार थांबणार नाहीत. ते फक्त अंधारात होतील. तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी या फिटरांना बोलावून त्यांचे ज्ञान टिपून घ्यावे, आणि त्याच वेळी त्यांना ब्रेक व भार यांचे शास्त्र शिकवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

नांदूरघाटच्या किंवा अन्य कोणत्याही गावच्या ज्या वाचकाला अशी जुनी गाडी घ्यावयाची असेल, त्याने इसार देण्यापूर्वी चासीवरचा क्रमांक घासून स्वच्छ करावा, त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्यावा आणि तो आरसी बुकाशी अक्षरशः ताडून पाहावा. इंजिनाचा क्रमांक व इंधनाचा प्रकार नोंदीत तोच आहे का, हे पाहावे. पुढच्या-मागच्या हाउसिंगचे प्रमाण फिटरकडून मोजून घ्यावे. आणि कोणताही बदल करण्याआधी नोंदणी अधिकाऱ्याची लेखी मान्यता घ्यावी. रंग, हूड, टायर यांचा विचार सर्वांत शेवटी. कागद आणि ब्रेक हे दोन्ही निर्दोष असतील तरच जुनी गाडी घ्यावी. त्यांतले एकही संशयास्पद असेल तर ती कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडून द्यावी.