नोंदणीनंतरचा क्रमांक : डेटाबेसमधील स्वयंनिर्मित ओळखीचा ऐतिहासिक मागोवा

संकेतस्थळावर विद्यार्थ्याने नावनोंदणी केली की डेटाबेस त्या नोंदीस स्वतःच एक क्रमांक देतो. पत्ता, गुण, शुल्क या पुढील नोंदी त्याच क्रमांकाला जोडावयाच्या असतात. हा नवा क्रमांक आज्ञावलीने परत कसा मिळवावा, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक भासतो. त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक प्रतिमान मांडले. १९७९ च्या निबंधात त्यांनी प्रणालीनिर्मित ‘सरोगेट’ ओळखीचा विचार केला आणि तिचे मूल्य वापरकर्त्यास कधीही दिसू नये, अशी अपेक्षा व्यक्त केली. वेबने ही मर्यादा पाळली नाही.

नोंद घालावयाची आणि मग तक्त्यातील सर्वांत मोठा क्रमांक विचारावयाचा, ही सर्वांत सोपी व सर्वांत घातक पद्धत होय. दोन विद्यार्थ्यांनी एकाच क्षणी नोंदणी केल्यास पहिल्याला दुसऱ्याचा क्रमांक मिळतो व एकाचे शुल्क दुसऱ्याच्या नावावर जमा होते. संगणक कोणतीही चूक दाखवीत नाही. प्रयोगशाळेत एकटा विद्यार्थी चाचणी घेतो तेव्हा हा दोष उघडकीस येणेच अशक्य. म्हणूनच प्रकल्प-परीक्षणात या पद्धतीस सहज गुण मिळून जातात!

पुढील सुधारणांत प्रश्नाची कक्षा क्रमाक्रमाने आकुंचित होत गेली. मायएसक्यूएलचे ‘लास्ट इन्सर्ट आयडी’ हे फलन तक्त्याऐवजी त्या जोडणीपुरतेच उत्तर देते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये जोडणीची कक्षाही अपुरी ठरली. नोंदीसरशी एखादा ‘ट्रिगर’ दुसऱ्या तक्त्यात नोंद करीत असेल, तर जुने ‘आयडेंटिटी’ चल त्या दुसऱ्याच तक्त्याचा क्रमांक देई. त्यावर २००० च्या आवृत्तीत ‘स्कोप आयडेंटिटी’ हा उपाय आला. ‘रिटर्निंग’ या उपवाक्याने तर नोंद घालणारे विधानच क्रमांक परत करू लागले, व स्वतंत्र प्रश्नाची गरज उरली नाही. ओरॅकलमध्ये ही सोय आधीपासून होती. पोस्टग्रेएसक्यूएलने ती २००६ मध्ये, तर एसक्यूलाइटने थेट २०२१ मध्ये स्वीकारली.

क्रमांक अचूक मिळू लागला, तरी तो ब्राउझरच्या पत्त्यात दिसू लागल्याने वेगळाच प्रश्न उद्भवला. क्रमांकात एक मिळविला की दुसऱ्याची माहिती उघडते, असा हा दोष ओवॅस्प या संस्थेने २००७ च्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत समाविष्ट केला. काहींनी अनुक्रमांकाऐवजी यादृच्छिक यूयूआयडी वापरली. परंतु मागणाऱ्याचा अधिकार तपासल्याशिवाय तीही केवळ आडपडदाच ठरते.