सस्पेन्स खात्यातला सुपरमॅन

एकाच नावाचे दोन खातेदार हे बँकेतल्या माणसाचं जुनं दुखणं आहे. आमच्या शाखेत नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव तिन्ही सारखं असलेले तीन पाटील आहेत. एकाचा पगार दुसऱ्याच्या खात्यात आणि दुसऱ्याचा हप्ता तिसऱ्याच्या बोडक्यावर जाऊ नये म्हणून आम्ही डोळ्यांत तेल घालून बसतो. अशा वेळी अमेरिकेतल्या एका कॉमिक्स कंपनीने हीच भानगड स्वतःहून, हौसेने करून ठेवली आणि पुढची कित्येक वर्षं ती निस्तरण्यात घालवली, हे कळल्यावर मला त्या कंपनीबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. चाळिशी उलटलेल्या, बी.कॉम. झालेल्या माणसाने सुपरमॅनवर लिहावं हे शोभत नाही, असं आमच्या घरचं मत आहे. पण वाचकहो, हा इतिहास मुळात हिशेबाचा आहे.

आपल्याकडे सारखा चेहरा म्हटला की दोनच प्रकार. एक तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिला, तसा. दुसरा हिंदी सिनेमातला, जत्रेत हरवलेला जुळा भाऊ. तोतया खोटा असतो, जुळा वेगळा असतो. समांतर विश्वातला जोडीदार मात्र तिसराच प्रकार आहे. तो खोटा नाही आणि धड वेगळाही नाही. तो म्हणजे आपणच. फक्त नेमणूक दुसऱ्या शाखेत झालेली.

डी.सी. कॉमिक्सने १९४० साली ‘फ्लॅश’ नावाचा एक अतिवेगवान नायक काढला. त्याचं नाव जे गॅरिक. त्याला हा वेग कशाने मिळाला? तर प्रयोगशाळेत दुष्फेन पाण्याच्या वाफा नाकात गेल्याने! दुष्फेन पाणी म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही ते. आमच्या सोसायटीच्या बोअरला तेच येतं, पण त्याने एकाही सभासदाचा मेंटेनन्स भरण्याचा वेग वाढलेला नाही. असो. पुढे महायुद्ध संपलं, सुपरहिरोंचा खप घसरला आणि १९४९ साली त्याचं मासिक बंद पडलं.

१९५६ साली ज्युलियस श्वार्ट्झ या संपादकाने फ्लॅशला पुन्हा आणलं, पण नाव तेवढं जुनं आणि माणूस नवा. हा बॅरी अ‍ॅलन. पोलीस खात्यातला शास्त्रज्ञ. याच्या अंगावर वीज आणि रसायनं एकदम पडली. गंमत म्हणजे हा बॅरी लहानपणापासून जे गॅरिकची कॉमिक्स वाचत आलेला. त्याच्या लेखी जे हे गोष्टीतलं पात्र. इथपर्यंत सगळं ठीक होतं. जुनं खातं बंद, नवं खातं चालू, भानगड नाही.

पण १९६१ साली, फ्लॅशच्या १२३व्या अंकात, बॅरी थरथरत थरथरत इतक्या वेगाने हलला की भलत्याच शहरात जाऊन पोचला. तिथे त्याने काय करावं? टेलिफोन डिरेक्टरी उघडली. तीत जे गॅरिकचं नाव आणि पत्ता! दार वाजवलं तर कानाजवळ केस पिकलेला, लग्न झालेला, निवृत्त जे गॅरिक समोर उभा. गोष्टीतलं पात्र आपल्याच घरी, सुखरूप. ही गोष्ट लिहिली गार्डनर फॉक्सने, आणि जुना फ्लॅश १९४० साली पहिल्यांदा लिहिणाराही तोच. त्याने खुलासा असा केला की एकाच जागेत दोन पृथ्व्या आहेत, पण त्यांची कंपनं वेगळी, म्हणून एकीला दुसरी दिसत नाही. हे मला चटकन पटलं. आमच्या वरच्या मजल्यावरचे लोकही आम्हाला क्वचितच दिसतात. मिक्सर तेवढा ऐकू येतो.

वाचकांना ही भेट इतकी आवडली की १९६३पासून दोन्ही पृथ्व्यांवरच्या नायकांचं वार्षिक स्नेहसंमेलनच सुरू झालं. मग पृथ्व्यांना क्रमांक देणं आलं. इथे कंपनीने जे केलं ते आमच्या युनियनने एक दिवस चालवून घेतलं नसतं. नव्या, ज्युनिअर मंडळींच्या पृथ्वीला दिला एक नंबर आणि १९४० सालापासून इमाने इतबारे नोकरी केलेल्या सीनिअर मंडळींना दोन नंबर!

१९६४ साली तिसरी पृथ्वी निघाली. तिथे सगळंच उलटं. कोलंबस अमेरिकन आणि त्याने शोधला युरोप! तिथले सुपरहिरो सगळे दरोडेखोर. सुपरमॅन ज्या क्रिप्टोनाइटने अर्धमेला होतो, त्याच क्रिप्टोनाइटने तिथल्या अल्ट्रामॅनला नवनवी शक्ती मिळते. पण जोडीदार असा सरळसरळ दुष्ट असला की काम सोपं असतं. ठोसा मारायचा आणि घरी यायचं. अवघड असतो तो दुखावलेला जोडीदार.

त्याची चुणूक १९५८ सालीच दिसली होती. ऑटो बाइंडर या लेखकाने किरणांच्या यंत्रातून सुपरबॉयची एक बिघडलेली नक्कल बाहेर काढली. तिचं नाव बिझारो. खडूसारखा पांढराफटक चेहरा, मोडकंतोडकं बोलणं. मनात वाईट काही नाही, पण लोक बघून पळतात. जवळ येते ती एकच, दृष्टी नसलेली मुलगी. पुढे या बिझारोंना स्वतःचा चौकोनी ग्रहच मिळाला आणि तिथे सगळी कामं उलटी करण्याचा कायदा झाला. तिथला एक विक्रेता हमखास नुकसान होईल अशी खात्री देऊन रोखे विकतो आणि त्याच्यापुढे झुंबड उडते. यात उलटं काय आहे, हे कळायला मला जरा वेळ लागला. आपल्याकडे फक्त खात्री लेखी देत नाहीत.

पण आपला खरा विषय आहे दोन नंबरच्या पृथ्वीवरचा सुपरमॅन. १९३८ सालचा मूळ सुपरमॅन हाच, असा हिशेब ठरला. एक नंबरच्या पृथ्वीवरचा सुपरमॅन वयाने वाढेना आणि लोइसशी लग्नही करेना. याने मात्र वेळच्या वेळी सगळं केलं. कानावर केस पिकले, वर्तमानपत्राचा संपादक झाला आणि लोइसशी लग्न केलं. ही लग्नाची गोष्ट १९७८ साली छापली गेली. म्हणजे आपल्यासारखा संसारी माणूस. उडता येतं एवढाच काय तो फरक.

आणि मग १९८५ उजाडलं. कंपनीची पन्नाशी. पृथ्व्या इतक्या झाल्या होत्या की नवा वाचक बावचळतो, अशी तक्रार होती. तेव्हा मार्व्ह वुल्फमन हा लेखक आणि जॉर्ज पेरेझ हा चित्रकार यांनी बारा अंकांत सगळ्या विश्वांचं विलीनीकरण केलं. एक पृथ्वी, एक इतिहास, एक सुपरमॅन. बॅरी अ‍ॅलन यात गेला. आमची छोटी बँक मोठ्या बँकेत विलीन झाली तेव्हाही असंच झालं होतं. शनिवारी एक पाटी, सोमवारी दुसरी. फक्त आमच्याकडे बारा अंक लागले नाहीत, एक परिपत्रक पुरलं.

प्रश्न उरला जुन्या सुपरमॅनचा. त्याची पृथ्वी गेली, ऑफिस गेलं आणि नव्या जगाच्या इतिहासात तो कधी होताच असं दिसेना. त्याला मारायचा धीर होईना आणि ठेवायला जागा नाही. मग त्याला, त्याच्या लोइसला आणि आणखी दोघा तरुणांना जगाबाहेरच्या एका सुखाच्या ठिकाणी पाठवून दिलं.

याला आमच्या भाषेत सस्पेन्स खातं म्हणतात. ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती तिथे टाकायची. मग ताळेबंद जुळतो, साहेब घरी जातात, आपणही जातो. पण सस्पेन्सला टाकलेली रक्कम मरत नाही. ती तिथे बसून ऑडिटरची वाट बघते.

ऑडिट झालं जवळजवळ वीस वर्षांनी, २००५ साली, ‘इन्फिनिट क्रायसिस’ या सात अंकांच्या मालिकेत. लेखक जेफ जॉन्स. इतकी वर्षं जुना सुपरमॅन स्फटिकाच्या भिंतीपलीकडून खालचं जग बघत होता. १९९२ साली धाकटा सुपरमॅन मेला काय, परत आला काय. पुढे बॅटमॅनची पाठ मोडली काय! जुन्याचं मत पडलं की विलीनीकरणात चुकीची पृथ्वी वाचली. आमच्या वेळी असं नव्हतं, हे वाक्य आमच्याकडे दर महिन्याच्या एक तारखेला पेन्शनच्या रांगेत ऐकू येतं. पण रांगेतला माणूस भिंत फोडून बाहेर येत नाही. हा आला.

त्याची खरी तक्रार जगाबद्दल नव्हतीच. लोइस म्हातारी झाली होती, आजारी होती. आपली पृथ्वी परत मिळाली तर ती बरी होईल, एवढाच त्याचा हिशेब. पृथ्वी मिळते, पण ओसाड. लोइस तिथेच त्याच्या हातांत मरते. धाकटा सुपरमॅन भेटायला येतो आणि म्हातारा दुःखाने आंधळा होऊन त्याच्यावरच तुटून पडतो. इतक्या वर्षांच्या मारामाऱ्यांत मला ही एकच अशी वाटली, जिच्यात कोणी जिंकू नये. मारता मारता म्हाताऱ्याला उमगतं की पृथ्वी खरंच निर्दोष असती तर तिला सुपरमॅनची गरजच पडली नसती. तो हात आवरतो. शेवटच्या अंकात तो मरतो, आपल्या चुलत बहिणीजवळ.

हे वाचताना मला आमच्या शाखेतले एक आजोबा आठवले. खातं नवरा-बायकोचं, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’. आजी जाऊन सात-आठ वर्षं झालेली, पण त्यांनी दाखला दिला नव्हता. विलीनीकरणात कागदपत्रं तपासताना ते निघालं. नाव कमी करावं लागेल म्हटल्यावर म्हणाले, “साहेब, राहू द्या की. ती कुठे पैसे काढायला येणारे?” नियमाला याचं उत्तर नसतं, नियमाला फक्त फॉर्म असतो. आजोबांनी तो भरला. नवं पासबुक दिलं, ते त्यांनी जुन्या पासबुकात घातलं आणि दोन्ही मिळून खिशात ठेवलं.

कंपनीचं म्हणाल, तर २००७ साली तिने एक पृथ्वी सोडून चांगल्या बावन्न उघडल्या. त्यात दोन नंबरचीही होती. त्या चुलत बहिणीचं नाव पॉवर गर्ल. २००८ साली ती मोठ्या आशेने त्या पृथ्वीवर गेली. माणसं तीच, चेहरे तेच, सगळ्यांनी ओळखलं, गळ्यात पडले. एवढ्यात तिथली स्वतःची पॉवर गर्ल घरी परतली आणि तिने हिला तोतया ठरवून मारामारी सुरू केली.

खातं उघडलं होतं, नंबरही जुनाच होता. पण पुढच्या खिडकीवर तिच्याच नावाचा दुसरा खातेदार आधीच उभा होता.