पीएसएची कुळकथा

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाच्या रक्ततपासणीत ‘पीएसए’ मिलिलिटरला ४ नॅनोग्रॅमच्या वर गेला की घरात कॅन्सरची कुजबुज सुरू होते. हा पीएसए (प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन) म्हणजे प्रथिनं तोडणारा एक एन्झाइम, आणि निसर्गानं त्याला नेमलंय ते अपत्यजन्माच्या कामावर.

प्रोस्टेट ग्रंथी तो तयार करून वीर्यात सोडते. स्खलनानंतर वीर्य जेलीसारखं घट्ट होतं; सेमेनोजेलिन या प्रथिनाच्या जाळ्यात शुक्राणू अडकतात. पीएसए हे जाळं टायरोसिन, ल्युसिन अशा ठरावीक अमिनो आम्लांपाशी तोडतो. पाच ते वीस मिनिटांत वीर्य पातळ होतं आणि शुक्राणू पोहू लागतात. ग्रंथीत असेपर्यंत तिथलं जस्त त्याला आवरून धरतं. वीर्यात सेमेनोजेलिन ते जस्त ओढून घेतं आणि एन्झाइम कामाला लागतो.

त्याचा शोध तुकड्यातुकड्यांनी लागला. १९७० मध्ये अमेरिकेत रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनी प्रोस्टेटच्या ऊतीत खास तिथलाच असा अँटिजेन नोंदवला. १९७१ मध्ये जपानमध्ये मित्सुवो हारा यांच्या गटाला वीर्यात ‘गॅमा-सेमिनोप्रोटीन’ सापडलं. १९७८ मध्ये जॉर्ज सेन्साबॉ यांनी वीर्यातल्याच ‘पी३०’चं वर्णन केलं, न्यायवैद्यकात वीर्याचा डाग ओळखायला ते उपयोगी पडलं. १९७९ मध्ये बफेलोच्या रोझवेल पार्क संस्थेत मिंग चू यांच्या गटानं प्रोस्टेटमधून पीएसए शुद्ध स्वरूपात वेगळा काढला आणि पुढच्याच वर्षी तो रुग्णांच्या रक्तातही दाखवला. गॅमा-सेमिनोप्रोटीन आणि पी३० म्हणजे हाच पीएसए, हे पुढे उलगडलं.

वीर्याच्या मानानं रक्तात तो जेमतेम दशलक्षांश असतो, आणि त्यातला बहुतेक अँटिकायमोट्रिप्सिन या प्रथिनाला जखडलेला, निष्क्रिय. कॅन्सरमध्ये ग्रंथीची रचना विस्कटली की तो रक्तात झिरपतो; पण ग्रंथी वयोमानानं वाढली किंवा तिला सूज आली तरीही झिरपतोच.

अमेरिकेत १९८६ मध्ये ही तपासणी निदान झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी मंजूर झाली, आणि १९९४ मध्ये कॅन्सर शोधायला मदत म्हणून. निरोगी पुरुषांची सरसकट तपासणी करण्याला पुढे खुद्द अ‍ॅब्लिन यांनीच जाहीर विरोध केला.

पीएसए ग्रंथीची खबर देतो, कॅन्सरचा निकाल देत नाही. म्हणून आकडा वाढलेला दिसला तर घाबरून जाऊ नका, आणि दुर्लक्षही करू नका. जंतुसंसर्ग आहे का, तपासणी पुन्हा करायची का, मोकळ्या, म्हणजे न जखडलेल्या पीएसएचं प्रमाण किती, एमआरआय लागेल का, हे युरॉलॉजिस्टना विचारा. बायॉप्सीचा निर्णय त्यानंतर घ्या.