घरातले देणे

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर या सरकारी वसाहतीत माझ्या थोरल्या बंधूंना निवासस्थान मिळाले होते. माझ्या केंद्रीय सेवेच्या प्रारंभीची चार वर्षे मी त्यांच्याकडेच राहिलो. गावी घराचे बांधकाम काढले तेव्हा दादांना चाळीस हजार रुपये कमी पडले. ते मी दिले. ‘वर्षभरात परत करतो,’ असे ते जेवताना म्हणाले. व्यवहार एवढाच. चिठ्ठी नाही, साक्षीदार नाही. वर्ष उलटले, दुसरेही सरले. ज्याच्या घरी दोन्ही वेळ पान मांडले जाते, त्याच्याकडे पैसे मागावेत कसे, हे मला कळेना.

ही अडचण फार जुनी आहे. अविभक्त कुटुंबात भाऊभाऊ, पतिपत्नी आणि पितापुत्र यांच्यामध्ये जामीनकी, ऋण व साक्ष या गोष्टी याज्ञवल्क्यस्मृतीने मानलेल्याच नाहीत. चालुक्य नृपती सहावा विक्रमादित्य याच्या काळात, कल्याणी येथे (आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण) विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही टीका रचली. त्याने कारण दिले ते असे, की वाटणी होईपर्यंत द्रव्य सर्वांचे सामाईक असते. जे माझेच आहे ते मी मला उसने काय देणार? मात्र परस्परांची अनुमती असेल तर अविभक्तांतही असा व्यवहार होऊ शकतो, ही वाट त्याने मोकळी ठेवली. अनुमती उघड बोललेली असावी, हे त्यातले मर्म.

आमच्या वसाहतीला जिचे नाव आहे, त्या झाशीच्या राणीलाही घरातल्या पैशाचा हा पेच चुकला नाही. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. आदल्याच दिवशी त्यांनी दामोदररावांना दत्तक घेतले होते. डलहौसीने हे दत्तविधान राज्याच्या वारसाहक्कापुरते नाकारले आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा केले. पण खासगी मालमत्तेपुरते तेच दत्तविधान ग्राह्य धरले. परिणाम असा झाला, की राजाची खासगी रक्कम अज्ञान दामोदररावांच्या नावे सरकारी खजिन्यात राहिली आणि राणीच्या हाती आले दरमहा पाच हजारांचे निवृत्तिवेतन. मुलाच्या मुंजीसाठी तिने त्याच रकमेतून एक लाख रुपये मागितले, तेव्हा सरकारने प्रतिष्ठितांचे जामीन घेऊनच ते दिले. दामोदरराव सज्ञान झाल्यावर रक्कम मागतील, तर ती भरून मिळाली पाहिजे, हा हेतू. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या १८९४ च्या मराठी चरित्रामुळे राणीची कहाणी घरोघरी पोहोचली. त्या कहाणीतला हा प्रसंग वाचताना माझ्यातला अधिकारी म्हणतो, अज्ञानाच्या धनाचा विश्वस्त असाच वागणार. माझ्यातला मुलगा म्हणतो, आईकडून मुलाच्या मुंजीला जामीन! दोघेही खरे बोलतात, आणि घरातल्या पैशाचे दुखणे नेमके तेच आहे.

पुढे सरकारी नोकराचा पगार हाच वादाचा विषय झाला. कुटुंबाच्या खर्चाने विलायतेत शिकून इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये गेलेल्या अधिकाऱ्याची मिळकत एकत्र कुटुंबाचीच ठरते, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९२१ साली गोकळचंद खटल्यात दिला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी पुढाकार घेतला आणि १९३० साली विद्याधनाचा कायदा संमत झाला. तेव्हापासून कोणाच्याही खर्चाने शिकलेल्याची कमाई त्याची स्वतःची. म्हणजे माझे चाळीस हजार कायद्याने माझेच होते आणि दादांना दिलेली रक्कम हे खरोखरीचे ऋण होते.

ऋण ठरले म्हणजे त्याला मुदत आली. १९६३ च्या मुदत अधिनियमानुसार उसन्या रकमेसाठी दावा लावण्याची मुदत तीन वर्षे. ‘मागशील तेव्हा देईन’ असे ठरले असले तरीही ती पैसे दिल्याच्या दिवसापासूनच मोजली जाते, मागितल्याच्या दिवसापासून नव्हे. मुदतीच्या आत ऋणकोने सही करून लेखी कबुली दिली, तर तीन वर्षे नव्याने सुरू होतात. मुदत टळल्यावरही, १८७२ च्या करार अधिनियमाप्रमाणे, सही करून दिलेले फेडीचे लेखी वचन बंधनकारक असते. केंद्रीय नागरी सेवांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांनीही नातलगाला अल्प, तात्पुरते व बिनव्याजी कर्ज देण्याची मोकळीक ठेवली आहे. हे सारे मी कार्यालयात इतरांना समजावून सांगत असे. घरी मात्र माझी तीन वर्षे आमटीभाताबरोबर संपून गेली.

बदलीचा आदेश आला तेव्हा सामान बांधताना मी अखेर विषय काढला. दादा गप्प राहिले. वहिनी म्हणाल्या, ‘भावोजी, तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून आम्हाला वाटलं तुम्ही घराला दिले.’ त्यात लबाडी नव्हती. चार वर्षे मी भाडे दिले नव्हते, धान्य भरले नव्हते. त्यांनीही कधी हिशेब केला नव्हता. विज्ञानेश्वराचे सामाईक द्रव्य त्यांच्या मनात होते, जयकरांचा कायदा माझ्या. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याची अनुमती विचारली नव्हती.

त्या रात्री दादांनी वहीचे पान फाडून चार ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि तारीख घातली. जेवणाखाण्याचे वीस हजार वळते करा, असे मी म्हणालो तेव्हा ते प्रथमच रागावले. ‘भावाच्या जेवणाचं बिल मी लावत नाही,’ म्हणाले. निवृत्तीनंतर दोन हप्त्यांत पूर्ण रक्कम आली. आमचे येणेजाणे राहिले, हे माझे भाग्य. अनेक घरांत तेवढेही उरत नाही.

असो. घरात पैसे देताना ते देणगी आहे की उसने, हे त्याच दिवशी बोलावे आणि उसने असतील तर कागदावर घ्यावे. त्या दिवशी कागद मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. तीन वर्षांनी मागितला की तो अविश्वासच वाटतो.